कार नेण्यासाठी बंद ट्रेलर घेताय? आधी वजनाचं गणित, मग बाकीचं

अमेरिकेत शनिवारी सकाळी हायवेवर निघालात, तर पिकअप ट्रकच्या मागे जोडलेली एक लांबलचक पेटी हमखास दिसते. खिडक्या नाहीत, बाजूला एक छोटं दार, मागे पूर्ण रुंदीचं उघडणारं फाटक. आत बहुतेकदा एक कार असते. कोणी ती रेसट्रॅकवर नेत असतं, कोणी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, तर कोणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवताना.

या पेटीला तिथे 'एनक्लोज्ड कार ट्रेलर' म्हणतात. पहिल्यांदा ट्रेलर घेणारा माणूस साधारण एकच प्रश्न घेऊन दुकानात जातो: माझी कार आत मावेल का?

मावते. अडचण तिथे नसतेच. कार आत गेल्यावर एकूण वजन ट्रेलरच्या एक्सलना, टायरना आणि पुढच्या पिकअपला पेलणार आहे का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर चुकलं, तर त्याची किंमत हायवेवर मोजावी लागते. ती तुम्हीच नाही, तर शेजारच्या लेनमधले लोकही मोजतात.

म्हणून ट्रेलर निवडताना कोणत्या क्रमाने विचार करायचा आणि आत कोणती साधनं लागतात, ते समजून घेऊ.

उघडा ट्रेलर असताना बंद कशाला?

बंद ट्रेलरमध्ये कारला पाऊस, धूळ, उडणारे खडे आणि बर्फावर टाकलेलं मीठ लागत नाही. रात्री मुक्काम करताना कार लोकांच्या नजरेआड राहते. हत्यारं, जास्तीचे टायर, जॅक सगळं कुलुपात राहतं. रेसला जाणाऱ्यांसाठी तर हे चालतं-फिरतं गॅरेजच असतं.

पण या सोयीची किंमत वजनात आणि वाऱ्यात मोजावी लागते. अमेरिकेत भाड्याने मिळणारा यू-हॉलचा उघडा कार ट्रेलर रिकामा २,२१० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,००० किलोंचा असतो. २४ फुटी बंद ट्रेलर रिकामाच साधारण ३,५०० ते ४,२०० पौंड भरतो. शिवाय २४ फूट लांब आणि ७ फूट उंच भिंत म्हणजे जवळपास १६८ चौरस फुटांचं शीडच. बाजूने वारा सुटला किंवा मोठा ट्रक शेजारून गेला, की ट्रेलरला धक्का बसतो.

त्यामुळे वर्षातून एकदाच कार न्यायची असेल, तर उघडा ट्रेलर भाड्याने घेणं जास्त शहाणपणाचं. दर महिन्याला न्यायची असेल, तर बंद ट्रेलरचा विचार करा.

पाटीवरचे '७,०००' म्हणजे नक्की काय?

प्रत्येक ट्रेलरच्या पुढच्या डाव्या बाजूला एक पाटी असते. तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर नावाचा आकडा लिहिलेला असतो. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

७,००० पौंड लिहिलंय म्हणजे आत ७,००० पौंडांचा माल भरता येतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हा आकडा ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून आहे. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं, की उरतं ते तुमच्या वाट्याचं.

उदाहरण घेऊ. फोर्ड मस्टँग जीटीसारख्या कारचं वजन साधारण ३,८०० पौंड. सोबत चार जास्तीचे टायर, हत्यारांची पेटी, जॅक, विंच, तिची बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन धरला, तर आणखी ६०० पौंड सहज होतात. म्हणजे भार ४,४०० पौंड.

आता ७,००० चा २४ फुटी ट्रेलर घेतला आणि तो रिकामा ३,८०० पौंडांचा निघाला, तर शिल्लक राहतात ३,२०० पौंड. कार आत मावली, दार लागलं, सगळं छान दिसलं. प्रत्यक्षात ट्रेलरवर १,२०० पौंड, म्हणजे जवळपास साडेपाचशे किलो जास्तीचा भार आहे.

याच कारसाठी ९,९९० पौंडांच्या वर्गातला ट्रेलर घेतला, तर चित्र बदलतं. तो रिकामा ४,००० पौंडांचा असेल, तर भरून ८,४०० होतो. मर्यादेच्या आत, आणि थोडी जागा शिल्लक.

मग ७,००० चा ट्रेलर निरुपयोगी का? अजिबात नाही. माझदा मियाटासारखी छोटी कार २,३५० पौंडांच्या आसपास असते. २० फुटी, ३,२०० पौंडांच्या ट्रेलरमध्ये ती आणि ६०० पौंडांचं सामान घातलं, तरी एकूण ६,१५० होतात. आरामात बसतं.

दोन्ही ट्रेलर बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. फरक खालच्या एक्सलमध्ये असतो. ७,००० वाल्याला ३,५०० पौंडांचे दोन एक्सल, तर ९,९९० वाल्याला ५,२०० पौंडांचे दोन एक्सल असतात. म्हणूनच फक्त लांबी पाहून ट्रेलर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. कपाटं, एसी, जाड फरशी, जनरेटर हे सगळं ट्रेलरच्या वजनात भर घालतं. जाहिरातीतलं रिकामं वजन बहुतेकदा या जोडण्यांआधीचं असतं. आत लावलेली प्रत्येक वस्तू कारच्या वाट्याचं वजन खाते.

'११,००० पौंड ओढते' हे पिकअपच्या जाहिरातीतलं वाक्य पुरेसं का नाही?

पिकअपच्या जाहिरातीत ओढण्याची क्षमता मोठ्या अक्षरात असते. पण ट्रेलर फक्त मागे ओढला जात नाही. त्याचा काही भार हिचवर, म्हणजे जोडणीच्या जागी, खाली दाबतो. तो भार पिकअपलाच उचलावा लागतो.

हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. वरच्या ८,४०० पौंडांच्या ट्रेलरसाठी तो साधारण १,०५० पौंड धरू.

आता पिकअपच्या ड्रायव्हरचं दार उघडा. आतल्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा, तो आकडा १,६०० आहे.

हिशेब असा:

- हिचवरचा भार: १,०५० पौंड
- हिचचं स्वतःचं वजन: १०० पौंड
- दोन माणसं: ३५० पौंड
- मागच्या हौद्यातलं सामान: २०० पौंड

एकूण १,७०० पौंड. मर्यादा ओलांडली. ओढण्याची क्षमता ११,००० असूनही ८,४०० चा ट्रेलर या पिकअपला जड झाला.

म्हणून ओढण्याच्या क्षमतेआधी दारातला स्टिकर वाचा. हिचवरही त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते, ती वेगळी तपासा. या सगळ्या आकड्यांमध्ये जो सर्वात लहान, तीच तुमची खरी मर्यादा.

अशा वजनाच्या ट्रेलरसाठी बहुतेक पिकअपना वजन वाटून देणारा हिच लावावा लागतो. त्याच्या पोलादी दांड्या हिचवरचा भार पिकअपच्या पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या एक्सलकडे थोडाथोडा ढकलतात. पुढची चाकं हलकी झाली, तर स्टिअरिंगची पकड कमी होते. ते टाळण्यासाठी हा हिच.

कार आत नेमकी कुठे उभी करायची?

बैलगाडी हाकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त माल भरला, की गाडी उलाळ होते आणि पुढची बाजू वर उचलली जाते. पुढे जास्त भरला, की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो.

ट्रेलरचंही तेच. कार फार मागे उभी केली, की हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर उलाळ होतो. फरक एवढाच, की बैलगाडी तेव्हा जागेवरच कळवते. ट्रेलर मात्र कमी वेगात काहीच कळू देत नाही. वेग वाढला, उतार लागला किंवा वारा सुटला, की त्याचं शेपूट डावीकडे-उजवीकडे हलू लागतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत गेला, तर तो पिकअपलाही सोबत फिरवतो.

असं झालं, तर जोरात ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून सावरण्याचा प्रयत्नही करू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावा. वेग उतरला, की सुरक्षित जागी थांबून कारची जागा तपासा.

पुढे इंजिन असलेली कार साधारण तोंड पुढे करून चढवतात. ती काही इंच पुढे-मागे केली, तरी हिचवरच्या भारात फरक पडतो. एकदा योग्य जागा सापडली, की चाकांच्या रेषेत फरशीवर रंगाने खूण करून ठेवा. दर वेळी अंदाज नको.

लांबी-रुंदीत काय पाहायचं?

बहुतेक बंद कार ट्रेलर बाहेरून साडेआठ फूट रुंद असतात. अमेरिकेच्या प्रमुख महामार्गांवर १०२ इंचांची मर्यादा आहे, त्यामुळे यापेक्षा रुंद मिळत नाही. आत चाकांवरच्या पेट्यांमध्ये साधारण ८० ते ८३ इंच जागा उरते.

मस्टँगची रुंदी आरसे सोडून ७५ इंच आहे. म्हणजे कार आत जाते, पण दोन्ही भिंतींपासून जेमतेम दहा इंच राहतात. कारचं दार उघडून ड्रायव्हर बाहेर कसा येणार?

यावर तीन उपाय आहेत. पहिला, खिडकीतून बाहेर पडणं. तरुणपणी जमतं. दुसरा, ट्रेलरच्या डाव्या भिंतीला मोठं 'एस्केप डोअर' घेणं. ते उघडलं, की कारचं दार त्यातून बाहेर उघडतं. तिसरा, विंचने कार ओढून घेणं. मग आत कोणी बसावंच लागत नाही. फक्त स्टिअरिंग सरळ हवं.

लांबीचं गणित सोपं आहे. मस्टँग जवळपास १५ फूट ८ इंच लांब आहे. २० फुटी ट्रेलरमध्ये कार पुढे-मागे सरकवायला फक्त चार फूट मिळतात. २४ फुटीमध्ये आठ. वर पाहिलेली भाराची जागा साधायला ही मोकळीक लागते.

कार जमिनीला लागून असेल, तर मागची फरशी उतरती असलेला ट्रेलर पाहा. शिवाय रॅम्पला पुढे जोडायची पट्टी घ्या, नाहीतर पुढचा बंपर घासतो. रॅम्पची स्वतःची वजनमर्यादा विचारायला विसरू नका.

ब्रेक आणि टायर: इथे काटकसर नको

अमेरिकेत ट्रेलरच्या ब्रेकचे नियम राज्यानुसार बदलतात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत. कार भरलेल्या बंद ट्रेलरला दोन्ही एक्सलवर ब्रेक हवेतच.

हे ब्रेक बहुधा विजेवर चालतात. त्यांचा जोर कमी-जास्त करणारा कंट्रोलर पिकअपमध्ये बसवावा लागतो. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत हळू वेगात तो हाताने दाबून पाहा. ट्रेलरने पिकअपला मागे खेचल्यासारखं वाटलं, की ब्रेक लागताहेत.

ट्रेलर चुकून सुटलाच, तर 'ब्रेकअवे स्विच' कामी येतो. पिकअपला बांधलेली त्याची तार ओढली जाते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी त्याचे ब्रेक लावते. ही बॅटरी चार्ज नसेल, तर स्विच असून नसल्यासारखाच. साखळ्या हिचखाली एकमेकींवरून आडव्या लावा. जोडणी निसटली, तर दांडा रस्त्यावर न आदळता त्यांच्या झोळीत पडतो.

टायरवर 'एसटी' लिहिलेलं असतं. आपली लालपरी नव्हे, 'स्पेशल ट्रेलर'! कारचे टायर इथे चालत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलर बराच काळ उभा असतो, त्यामुळे नक्षी नवी दिसत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला दिला जातो.

हवा कमी आणि भार जास्त, हे टायर फुटण्याचं नेहमीचं कारण. अनेक ट्रेलर टायर ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर वेगासाठीच बनलेले असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कमाल वेग ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे. स्टेपनी ट्रेलरसोबत येते का, ते विचारा. बऱ्याचदा ती वेगळी घ्यावी लागते.

आत काय-काय हवं?

बांधायच्या कड्या: किमान चार. त्या नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवलेल्या नकोत, खालच्या पोलादी सांगाड्याला धरून हव्यात. ट्रेलरखाली वाकून स्वतः बघा.

पट्टे: दोन इंची रॅचेट पट्ट्यावर दोन आकडे असतात. १०,००० पौंडांना तुटणाऱ्या पट्ट्याची वापरण्याजोगी क्षमता ३,३३३ पौंड, म्हणजे एक तृतीयांश असते. हिशेब नेहमी लहान आकड्याने करा. व्यावसायिक वाहतुकीच्या अमेरिकी नियमांत सगळ्या पट्ट्यांची मिळून क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी लागते. घरच्या कारसाठी चारही बाजूंना एकेक पट्टा लावणं उत्तम. पट्टे चाकांवरून बांधले, तर कारचं सस्पेन्शन मोकळं राहतं आणि धक्क्यांनी पट्टे सैल होत नाहीत.

विंच: कार चढवण्यासाठी. प्रवासात कार धरून ठेवणं हे तिचं काम नाही, ते पट्ट्यांचं.

हवा आणि उजेड: बंद पेटीत पेट्रोलची वाफ साचते, म्हणून छताला आणि भिंतींना झरोके हवेत. आत कारचं इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री पट्टे बांधताना एलईडी दिवे लागतातच.

बाकी: दाराजवळ अग्निशामक, चाकांना लावायचे ठोकळे, आणि टायर व पेट्या अडकवायला भिंतीवर पोलादी पट्टी. ब्रेक दाबला, की मोकळी पेटी थेट कारवर येते.

सगळं भरल्यावर एक काम राहतं

वजन करा. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. आधी नेहमीची माणसं आणि भरलेली टाकी घेऊन एकट्या पिकअपचं वजन करा. मग ट्रेलर जोडून, पण वजन वाटणाऱ्या दांड्या सैल ठेवून, दुसऱ्यांदा करा. पिकअपच्या चाकांवर वाढलेलं वजन म्हणजे हिचवरचा भार. तो आणि ट्रेलरच्या चाकांवरचं वजन मिळून ट्रेलरचं खरं वजन.

दहा मिनिटांचं काम. पण इथपर्यंतचा सगळा हिशेब अंदाजाचा होता, तो इथे पक्का होतो.

पैसे घेऊन किंवा व्यवसाय म्हणून कार नेत असाल, तर नियम बदलतात. पिकअप आणि ट्रेलर मिळून १०,००१ पौंडांच्या वर गेले, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना व्यावसायिक वाहनाचे नियम लागतात. दोन्हींची मिळून क्षमता २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल, तर व्यावसायिक परवाना लागतो. ट्रेलरवर नेमका ९,९९० चा आकडा का असतो, याचं उत्तर अशा मर्यादांमध्ये आहे.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

महाराष्ट्रात आपल्या गाडीमागे असा ट्रेलर जोडून जाणारे क्वचितच दिसतात. पण नोकरी बदलली, की पुण्याहून बेंगळुरू किंवा दिल्लीला बंद कंटेनरमधून कार पाठवणारी कुटुंबं बरीच आहेत. तेव्हा हेच प्रश्न विचारा. कार कशाने बांधणार? पट्टे चाकांवर लावणार की बंपरखाली कुठेतरी? कड्या कशाला बसवल्या आहेत? टाकीत पेट्रोल थोडंच ठेवा, कारमध्ये घरसामान कोंबू नका आणि चढवण्याआधी चारही बाजूंचे व ओडोमीटरचे फोटो काढा.

थोडक्यात

१. कार आणि सामानाचं खरं वजन काढा.
२. त्यात रिकाम्या ट्रेलरचं वजन मिळवा आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.
३. हिचवरचा भार १० ते १५ टक्के धरून पिकअपच्या दारातला स्टिकर वाचा.
४. मगच लांबी, दारं, विंच आणि रंग निवडा.
५. पहिल्या प्रवासाआधी काट्यावर जा. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून पट्टे पुन्हा आवळा.

दुकानदार चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करेल. तुम्ही पहिल्यापासून करा.